घरच्यासाठी राखलेलं झाड

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मी शेतीखात्यात नोकरी केलीच नाही, सहली काढल्या. हे ती पाहुण्यांसमोर म्हणते. पाहुणे हसतात, मग मीही हसतो, कारण त्यात खोटं फार थोडं आहे. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर माझे जे सात-आठ फोटो आहेत, त्या सगळ्यांत माझ्या मागे एक बस आहे, आजूबाजूला टोप्या घातलेले तीस-पस्तीस शेतकरी आहेत, आणि मी मधोमध फाइल छातीशी धरून उभा आहे. लग्नाच्या फोटोतही मी असाच उभा आहे, असं मुलगी म्हणते.

कृषी सहायक म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. खात्याच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. वरून आलेलं गावात सांगायचं आणि गावातलं वर लिहून पाठवायचं. दोन्हीकडचे लोक आपल्यावर नाराज असले, की काम नीट चाललंय असं समजायचं. मी मूळचा अकोल्याचा, पण नोकरी बहुतेक मोर्शी भागात गेली, संत्र्याच्या मुलखात. तिकडे बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात. ज्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात रोज येऊ लागलं, आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे, त्या वर्षांत आमच्या खात्यात दोनच कामं वाढली: पंचनामे आणि अभ्यास दौरे. सकाळी पंचनामा करून आलेला मी दुपारी दौऱ्याच्या याद्या करत बसे. शेतकऱ्यांना बसमध्ये घालायचं, नाशिककडे न्यायचं, तिकडचे लोक कसे पिकवतात ते दाखवायचं आणि परत आणायचं. पाहून शहाणं होतील, अशी कल्पना. पाणी मात्र बसमध्ये घालून आणता येत नव्हतं.

दौऱ्यात माझं खरं काम दुभाष्याचं असे. दोन्हीकडची माणसं मराठीच बोलत, तरी दुभाष्या लागे. आमचा माणूस नव्या माणसाला भेटला, की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, पोरं किती, जावई काय करतो, आई आहे का गेली. तिकडचा माणूस एकरी किती टन ते सांगायला उभा असतो, त्याला वाटतं ही चौकशी कशाला. अंजनगाव सुर्जीचे एक पानमळेवाले काका तर द्राक्षबागायतदाराला म्हणाले, "कावून नाई बोलून राह्यले तुमी? घरी भांडण झालं काय?" काकांच्या मनात निव्वळ माया होती. बागायतदाराचा चेहरा पाहून मी मध्ये पडलो आणि म्हणालो, "ते विचारताहेत, तब्येत बरी आहे ना." दोघंही खूश झाले. असं मी किती वेळा केलं असेल. एकाचं बोलणं दुसऱ्याला पचेल असं करून वाढायचं. मला त्याचा अभिमान होता. माझ्याइतकं दोन्हीकडचं कुणाला कळत नाही, असं वाटायचं.

त्यातल्याच एका दौऱ्यात भास्करभाऊ होते. मोर्शीपासून सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. साडेतीनशे झाडांचा बगीचा, वडिलांनी लावलेला. माणूस उंच, आवाज मोठा. त्यांच्या बगीच्यावरून गाडी नेली आणि थांबलो नाही, तर दुसऱ्या दिवशी विचारत, "साहेब, काल काय आमचं काही चुकलं होतं?" खाल्ल्याशिवाय सोडत नसत. पंचनाम्याला गेलेल्या माणसालासुद्धा आधी संत्री, मग कागद.

निफाडकडच्या त्या द्राक्षबागेचे मालक होते रंगनाथ तात्या. साठीच्या आतले, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. माल परदेशी जाणारा होता. त्यांनी आम्हाला आधी हात धुवायला लावले, मग ओळीनं आत सोडलं. घड असे लोंबत होते, की आमची माणसं गप्पच झाली. आणि भास्करभाऊंनी हात वर करून एक घड तोडला. चोरून नव्हे, अगदी सगळ्यांसमोर, हसत. दोन मणी तोंडात टाकले आणि म्हणाले, "वा. गोड आहे बरं का तात्या."

तात्या एकदम ओरडले, "अहो, हात कुणी लावायला सांगितलं?"

द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका थर असतो. बोट लागलं की तो पुसतो, आणि पुसलेला मणी दिसला की परदेशचा व्यापारी नाक मुरडतो. हे तात्यांचं बरोबर होतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या बगीच्यात गेलेल्या पाहुण्यानं फळ तोडून खाल्लं नाही, तर मालकाच्या मनाला लागतं. न तोडणं म्हणजे तुमच्या फळात काही नाही असं म्हणणं. म्हणजे भास्करभाऊंनी आपल्या परीनं तात्यांचा मान केला होता. तो घड हातात धरून ते तसेच उभे राहिले. खाता येईना, ठेवता येईना. शेवटी फाइल माझ्याकडे होती म्हणून त्यांनी तो फाइलवर ठेवला. दौऱ्याच्या अहवालावर द्राक्षाचा डाग पडला आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला.

संध्याकाळी बस सुटायच्या वेळी तात्या स्वतः एक पेटी घेऊन आले. भास्करभाऊंच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "दुपारी जरा जोरात बोललो. मनावर घेऊ नका."

"मनावर काय घ्याचं," भास्करभाऊ म्हणाले. "तुमी माह्या बगीच्यात या. घरच्या लोकायले घेऊन या. हात लावा, तोडा, खा. आमच्याकडं कोनी ओरडत नाई."

बस हसली. तात्याही हसले. "येऊ ना एकदा," ते म्हणाले.

घरी मी ही गोष्ट इथवरच सांगतो. दिवाळीला, लग्नाला, कुणी पाहुणा आला की मुलगी म्हणते, "बाबा, द्राक्षाचा डाग सांगा." मी भास्करभाऊंचा आवाज काढतो, तात्यांचा चेहरा करतो. पुढचं घरी सांगितलेलं नाही. बायकोलाही तुकड्यातुकड्यानं माहीत आहे.

पुढच्या दोन वर्षांत मोर्शी भागातलं पाणी खाली खाली गेलं. विहिरी आटल्या, बोअर कोरडे निघू लागले. संत्र्याचं झाड असं एकदम मरत नाही. आधी पानं मान टाकतात, मग शेंड्यापासून वाळत येतं, आणि माणूस रोज सकाळी जाऊन फांदी मोडून पाहतो, आत हिरवं आहे का. भास्करभाऊंनी तीन महिने फांद्या मोडून पाहिल्या. मग उन्हाळ्यात आरा लावला. त्या वर्षी रस्त्यानं लाकडाच्या गाड्या जात, त्यात संत्र्याचंच लाकूड असे. पिवळसर, घट्ट. मी गाडीमागून मोटरसायकल चालवत असलो की पुढे न जाता मागेच राहायचो. का, ते मला सांगता येत नाही.

बगीचा गेल्यावर भास्करभाऊ घराबाहेर पडेनासे झाले. मी दोनदा गेलो. आवाज आत गेला होता. त्यांच्या बायकोला, शांतावहिनींना, मी म्हटलं, "येईन मधून मधून." ती म्हणाली, "येजा. पन त्यायले जेवतानी सोबत पायजे, साहेब. इचारपूस करनारी नको."

आणि डिसेंबरात मला फोन आला. "साहेब, मी रंगनाथ तात्या, निफाडचा. आम्ही घरचे सगळे शेगावला दर्शनाला निघालोय, तिथून चिखलदरा बघू, आणि येताना तुमच्या त्या भास्कररावांच्या बागेत. बायको म्हणते, ज्यांनी घड तोडला त्यांची बाग बघायचीच. कळवा त्यांना."

तात्यांच्या मुलखात 'येऊ ना एकदा' हा बोलणं संपवायचा एक प्रकार असतो, असं मी दौऱ्यातल्या नव्या लोकांना नेहमी समजावून सांगत असे. माझ्या दुभाषेगिरीची तिथेच पहिली वीट निसटली.

तेव्हाच फोनवर खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "या, या."

भास्करभाऊंना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. मग म्हणाले, "कवा येऊन राह्यले?"

"परवा."

"मी त्याले तोडा, खा म्हनलं होतं. आता काय खुंट दाखवू?"

"मी सांगतो त्यांना, भाऊ. तेही शेतकरीच आहेत."

"नाई," ते म्हणाले आणि उठले. "सलीमभाईकडं चला."

सलीमभाई त्यांचा धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. बागवानांचं घर, दोन पिढ्या फळाचा व्यापार आणि शेती. त्यांची जमीन नाल्याकडे उतरती, म्हणून विहिरीला थोडं पाणी राहिलं होतं आणि अर्धा बगीचा वाचला होता. भास्करभाऊंनी खाली बघत सांगितलं. सलीमभाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "अरे भाऊ, झाडपर नाम थोडी लिखा रहता है. एक दिन के लिए तुमारा. मैं पडोसी, बस."

मला तेव्हा त्यात गंमतच वाटली होती, हे कबूल करतो. मनात मी घरी सांगायच्या गोष्टीचा पुढचा भाग जुळवायलाही लागलो होतो. निघताना वहिनी दाराशी मला म्हणाली, "चार महिन्यात आज पयल्यांदा दाढी केली त्यायनं." घराच्या भिंतीला लागून संत्र्याच्या बुंध्यांची रास होती, सरपणासाठी ठेवलेली. त्यावर मी स्वतः ताडपत्री टाकली आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

तात्या आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची बायको, सून आणि दोन नातवंडं होती. भास्करभाऊ धोतर नेसून, फेटा बांधून बगीच्याच्या तोंडाशी उभे होते. आवाज परत आला होता. "या, तात्या. लावा हात. तोडा." नातवंडं धावली. सून लाजली, मग तिनंही तोडलं. सलीमभाई लांब विहिरीच्या काठावर पडोसी होऊन बसले होते, पाहुण्यासारखे. सगळं छान चाललं होतं. मी मधून मधून 'मागच्या वर्षी भाऊंनी शेणखत चांगलं दिलं' वगैरे भर घालत होतो.

तात्या मात्र तोडत नव्हते. हात मागे बांधून ओळीओळीनं चालत होते, आणि मग त्यांनी सहज विचारलं, "भास्करराव, घरच्यासाठी राखलेलं झाड कुठलं?"

प्रत्येक बगीच्यात असं एक झाड असतं. व्यापारी आला तरी त्याला ते देत नाहीत. लेकी येतात, नातू येतात, त्यांच्यासाठी. हे तिकडेही असतं, इकडेही असतं. हा प्रश्न समजावून सांगायला दुभाष्या लागला नाही.

भास्करभाऊ थांबले. मग विहिरीकडे गेले, विहिरीच्या कोपऱ्यापासून वळले, तीन ओळी सोडल्या, चौथ्या ओळीत शिरले आणि झाडं मोजत चालू लागले. मी मागून जात होतो. ते सलीमभाईंच्या बगीच्यात चालतच नव्हते. ते आपल्या विहिरीपासून आपल्या झाडाकडे निघाले होते, आणि पाय तिकडेच गेले. एका जागी थांबून त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. ते झाड भलतंच होतं, कडेचं, अर्धं वाळलेलं. फळंही बारीक. त्यांनी हात ठेवला आणि मग वर पाहिलं. हात तसाच बुंध्यावर राहिला.

विहिरीवर सलीमभाई उठून उभे राहिले.

तात्या पुढे झाले. त्यांनी त्या झाडाचं एक फळ तोडलं, सोललं, आणि एकेक फोड करून सगळं खाल्लं. बियासुद्धा आमच्यासमोर थुंकल्या नाहीत, हातात घेतल्या. "गोड आहे," ते म्हणाले. मी त्याच झाडाचं एक नंतर खाऊन पाहिलं. तोंड वाकडं होईल इतकं आंबट होतं.

जेवण घरी झालं. वहिनीनं रोडगे केले होते, वांग्याची भाजी, वरण. भास्करभाऊ आग्रह करत होते, पण हळू आवाजात. हात धुवायला तात्या अंगणात गेले. वाऱ्यानं ताडपत्रीचा एक कोपरा दगडाखालून सुटला होता. तात्यांनी वाकून तो कोपरा परत दगडाखाली घातला, आणि शर्टाला हात पुसत आत आले.

निघताना त्यांनी मला जीपच्या पलीकडे नेलं. "साहेब, मला सकाळीच लक्षात आलं. मालक असा चालत नाही. माझं एक काम करा. माझ्याकडं छाटणीपासून माल निघेपर्यंत बाग बघणारा माणूस लागतो. मजूर नाही म्हणत मी. राहायला दोन खोल्या आहेत, दोघांनी यावं. झाडाला असा हात लावणारा माणूस मला शोधून सापडणार नाही."

"तुम्हीच बोला ना," मी म्हणालो.

"तोंडावर कसं बोलू? ज्याच्या ताटात आत्ता जेवलो त्याला कामाला ये म्हणू? आमच्याकडं चालून जाईल, तुमच्याकडं काय रीत आहे मला ठाऊक नाही. तुम्ही त्यांचे आहात. कसं सांगायचं ते तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. हा सगळा लेख मी या एका ओळीसाठी लिहायला घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरापर्यंत गेलो होतो. भास्करभाऊ ओसरीवर बसून एका गावकऱ्याला सांगत होते, "नाशिकचे पाव्हने आले होते ना. पोट भरून जेवले. सून तं म्हने अशी संत्री पाह्यलीच नाई." कैक महिन्यांनी त्यांना गावातल्या कुणाशी असं मोकळं बोलताना पाहत होतो. आता यांना सांगायचं, की तो तुमचा पाहुणा सगळं ओळखून गेला आणि जाताना नोकरी देऊन गेला? मी चहा घेतला आणि परत आलो. मग आठवड्यानं सांगू म्हटलं. मग त्यांच्या मनाला लागेल म्हटलं. वऱ्हाडी माणूस आहे, पाहुण्याच्या दारी कामाला जाणं म्हणजे मरण, असं मी माझं मलाच समजावलं. मी मोठा जाणकार ना.

महिन्याभरानं तात्यांचा फोन आला. "बोललात का?"

"बोललो," मी म्हणालो. "त्यांना जमणार नाही म्हणाले."

"बरं," तात्या म्हणाले. "मला वाटलंच. दुखावले नाहीत ना?"

"नाही."

भास्करभाऊंच्या वतीनं मी एवढं नीट बोललो, की तात्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पावसाळ्यात भास्करभाऊ आणि वहिनी पुण्याला गेले. एका पुतण्यानं कुठल्या तरी सोसायटीत वॉचमनचं काम पाहून दिलं होतं. जाताना मला निरोप नव्हता. सलीमभाईंकडून कळलं.

मग चार वर्षांनी खात्याच्या एका प्रशिक्षणाला मी पुण्याला गेलो. सलीमभाईंनी मुद्दाम घरी येऊन संत्र्यांची पिशवी दिली होती. "भास्करभाऊ को देना. बोलना, तुमारे झाड की हैं." त्या कडेच्या झाडाला सलीमभाईंच्या घरी आता भास्करभाऊंचं झाडच म्हणतात, असं कळलं. पुढे त्यानं तग धरला होता, ते जगलं होतं.

पत्ता शोधत दुपारी पोचलो. मोठं फाटक, बाजूला पत्र्याची खोली, टेबल, टेबलावर वही. निळ्या शर्टातला माणूस वहीत रेघा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "कोणाकडे जायचंय? काय काम आहे? नाव, मोबाइल नंबर लिहा."

आवाज तोच, पण बोली निराळी. पुरी पुण्याची. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून खाऊ घालणारा माणूस, आता त्याला दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागत होतं, का आलात.

मी पेन घेतलं आणि 'कोणाकडे' या रकान्यात लिहिलं, भास्करभाऊंकडे.

त्यांनी ते उलट्या बाजूनं वाचलं. मग वर पाहिलं. "अरे साहेब," ते म्हणाले, आणि एकदम वऱ्हाडात आले. "या न. बसा." बसायला दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी आपली मला दिली आणि स्वतः फाटकाला टेकून उभे राहिले. वहिनी दोन-तीन घरी पोळ्या करते, संध्याकाळी येईल. तब्येत ठीक. सलीमभाईच्या विहिरीले पानी हाये का? मोठा पोरगा काय करते? सगळं विचारून झालं. जेवायचं मात्र म्हणाले नाहीत. म्हणता म्हणता थांबले, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मग मी सांगितलं. जीपच्या पलीकडचं, फोनवरचं, सगळं. सांगताना मी दोनदा म्हणालो, "मला वाटलं तुम्हाला लागेल."

एक गाडी आली. त्यांनी फाटक उघडलं, हात कपाळाला लावला, फाटक बंद केलं. परत येऊन म्हणाले, "त्याले समजलं, हे मले तवाच समजलं होतं साहेब. त्या झाडाचं फळ कोनी गोड म्हनते काय?"

मी वहीतल्या त्या रकान्याकडे पाहिलं.

"गेलो असतो का नसतो, मले आता सांगता येत नाई. लागलं असतं, हे खरं. पन लागून घेतलं असतं मी. नाई म्हनाचं का हो म्हनाचं, ते माहं मी पाह्यलं असतं. तुमी इचाराचं तं होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पिशवी पुढे केली आणि सलीमभाईंचा निरोप सांगितला. हा निरोप मात्र शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी एक संत्रं काढून हातात फिरवलं, अंगठ्यानं साल दाबून पाहिली, नाकाशी नेलं. सोलून अर्धं मला दिलं.

"कसं आहे?"

दौऱ्यांच्या सगळ्या वर्षांत असल्या प्रश्नाला मी समोरच्याला बरं वाटेल तेच उत्तर देत आलो होतो. ते तोंडाशी आलंही.

"आंबट आहे, भाऊ," मी म्हणालो.

ते सावकाश चावत होते. "हो," म्हणाले. "आंबटच आहे."

आणि हातातल्या राहिलेल्या फोडी आम्ही दोघांनी तिथेच, फाटकाशी, खाऊन संपवल्या.